रानात मुक्कामाला जायचंय, सोबत काय घेऊ? खानापूर-जांबोटी भागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावहून खानापूर सुमारे २५ किलोमीटर. तिथून पश्चिमेला वळलं की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. दक्षिणेला गेलं की नागरगाळी, लोंढा. घरापासून एवढ्या जवळ सह्याद्रीचं दाट रान आहे, म्हणून आपल्याकडच्या पोरापोरींना रानात राहण्याची ओढ असते. त्यात आता बुशक्राफ्टचे, म्हणजे मोजक्या सामानावर रानात राहायच्या कलेचे व्हिडिओ आले. मला येणारे निम्मे प्रश्न त्या व्हिडिओंतूनच येतात. अडचण एवढीच, की ते व्हिडिओ फिनलंड नाहीतर कॅनडातले असतात. तिथं बर्फ आणि सूचिपर्णी झाडं, इथं चार महिने धो धो पाऊस, चिखल, जळवा, धुकं आणि वाटेत उभा राहिलेला गवा. त्यामुळे तिथली सामानाची यादी इथं लागू पडत नाही. इथल्या रानात माणूस अडचणीत येतो तो दोन कारणांनी: भिजून गारठतो किंवा वाट चुकतो. खालची सगळी उत्तरं याच दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

हातात पैसे थोडे आहेत. पहिल्यांदा काय घ्यावं?

चाकू नाही, हे आधी सांगतो. पहिला खर्च कोरडं राहण्यावर करा. एक चांगली ताडपत्री, रात्री घालायचा कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि तो कोरडाच ठेवणारी जाड प्लास्टिकची पिशवी. त्यानंतर डोक्याला बांधायची बॅटरी. मग पाण्याची एकेरी पत्र्याची स्टीलची बाटली, एक शिट्टी, दोन प्रकारे विस्तव करायची सोय आणि प्रथमोपचाराची पिशवी. कोयता बहुतेकांच्या घरी असतोच, नसला तर गावाकडे मामा-काकांकडे मिळतो.

हा क्रम मी अनुभवावरून सांगतोय. माझा पहिला मुक्काम जांबोटीच्या पुढं, नात्यातल्या एका शेताच्या बांधावर झाला. ऑक्टोबर महिना, भात पिकायला आलेलं. साठवलेल्या पैशांतून मी मोठा थोरला चाकू घेतला होता आणि अंगावरच्या जीन्सशिवाय दुसरे कपडे नव्हते. संध्याकाळी परतीचा पाऊस आला. तासाभरात मी आतपर्यंत भिजलो. रात्री दहाच्या सुमारास बोटं इतकी बधिर झाली, की काडेपेटीतून काडी निघेना. चाकू कमरेला होता, त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. शेजारच्या खोपीत राखणीला असलेल्या आजोबांनी माझे ओले कपडे काढायला लावले, आपलं कांबळं माझ्या अंगावर टाकलं आणि गुळाचा कोरा चहा पाजला. हवा काही फार थंड नव्हती. ओल्या अंगाला वारा लागला की १७-१८ अंशांतही माणूस गारठतो. हुडहुडी भरते, बोलणं जड होतं, मग हुडहुडी थांबते. हे थांबणं म्हणजे बरं वाटणं नव्हे, धोक्याची घंटा आहे. अशा वेळी उपाय एकच: ओलं काढा, कोरडं घाला, वाऱ्यापासून आडोसा करा, शुद्धीत असेल तर गरम गोड काही पाजा. दारू अजिबात नको, तिनं अंगातली ऊब बाहेर जाते.

बुशक्राफ्टसाठी कुठला चाकू चांगला? कार्बन स्टील घेऊ की स्टेनलेस?

आपल्या रानासाठी मी गावच्या लोहाराचा कोयता सुचवतो आणि त्याच्या जोडीला स्वयंपाकघरात वापरतो तसा एक लहान चाकू. परदेशी व्हिडिओंमध्ये चाकूवर लाकडाचा ठोकळा मारून लाकूड फोडतात, कारण त्यांच्याकडे कोयता नसतो. आपल्याकडे ते काम कोयता एका घावात करतो. बांबू तोडणं, करवंदीच्या जाळीतून वाट काढणं, शेणी-लाकडं फोडणं, तंबूच्या खुंट्या तासणं ही सगळी वजनदार पात्याची कामं आहेत. मासा साफ करणं, दोरी कापणं, कांदा चिरणं यांना लहान चाकू पुरतो.

खेड्यातला चांगला कोयता बहुधा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाचा असतो. घेताना हातात धरून बघा. पातं टोकाकडे किंचित जड लागलं पाहिजे, म्हणजे घाव स्वतःच्या वजनानं बसतो. मुठीतून बाहेर आलेलं पात्याचं शेपूट पलीकडे वाकवून ठोकलेलं आहे का, हे तपासा. नुसतं लाखेनं किंवा चिकटवून बसवलेलं असेल तर दहाव्या घावाला पातं मुठीतून सुटून उडतं. मूठ तुमच्या पकडीत नीट मावत नसेल इतकी जाड असेल तर हात लवकर दमतो. त्या आजोबांच्या कोयत्याची मूठ मी पुढं अनेकदा निरखून पाहिली. करंगळी बसते तिथं लाकूड घासून खोलगट झालं होतं, वरचं पातं दगडावर घासून घासून मूळच्या दोनतृतीयांश रुंदीचं उरलं होतं आणि धार मात्र अशी, की ओल्या बांबूचा तिरका छेद आरशासारखा गुळगुळीत यायचा. पाठीमागं कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत तो लटकायचा. चालताना दोन्ही हात मोकळे आणि पातं अंगापासून लांब. आकडी मिळाली तर जरूर घ्या, नसेल तर जाड चामड्याचं किंवा गोणपाटाचं म्यान शिवा.

कार्बन की स्टेनलेस, याचं उत्तर सोपं आहे. पाट्याचं पोलाद म्हणजे कार्बन स्टीलच. ते लवकर गंजतं पण सहज धार घेतं. रोज पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवायची तयारी असेल तर तेच घ्या. लहान चाकू मात्र स्टेनलेसचा असू द्या, कारण त्यानंच आपण खायचं कापतो. धारेसाठी एक कानस आणि एक दगड पुरेसा आहे. बोथट कोयता धारदार कोयत्यापेक्षा जास्त जखमा करतो, कारण तो लाकडात न रुतता घसरतो आणि पायावर येतो. तोडताना पाय घावाच्या रेषेत ठेवू नका आणि कोयता चालवणाऱ्यापासून चांगले लांब उभे राहा.

कोयता घेऊन फिरणं कायद्यात बसतं का?

शस्त्र कायद्यातल्या वर्गवारीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे, पण घरगुती आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तरीही शहरात, बसमध्ये किंवा नाक्यावर उघडा कोयता हातात असला तर पोलीस विचारणारच, आणि विचारलंच पाहिजे. तो गोणपाटात गुंडाळून, दोरीनं बांधून, सॅकच्या तळाशी ठेवा.

अभयारण्यात गोष्ट वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जाताच येत नाही. तिथं कोयता घरीच ठेवा.

मग हे सगळं करायचं कुठं? भीमगडात मुक्काम करता येईल का?

नाही. भीमगडाला डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. शिवकालीन किल्ला, म्हादईच्या उगमाकडचं रान, बारापेडेच्या गुहा आणि त्यांतली जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारी वटवाघळं, असा तो मोलाचा भाग आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे आणि आपल्या मनानं मुक्काम करणं, विस्तव पेटवणं तर नाहीच नाही. दांडेलीकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पालाही हेच लागू. राखीव जंगलातही आधी खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. कुठल्या वाटा खुल्या आहेत ते तिथं सांगतात.

शिकण्यासाठी अभयारण्य लागतच नाही. मामाचं शेत, काजूची बाग, मळ्यातली खोप, चंदगडकडच्या पाहुण्यांची पड जमीन. मालकाला विचारलं, विस्तव कुठं करायचा ते ठरवलं, की ताडपत्री बांधण्यापासून पाणी गाळण्यापर्यंत सगळं तिथं शिकता येतं. काही चुकलं तर घर शंभर पावलांवर असतं. पहिले पाच-सहा मुक्काम असेच करा, हा माझा आग्रह आहे.

तंबू घेऊ, ताडपत्री की हॅमॉक (दोन झाडांना बांधायचा कापडी झोळा)?

पावसाळ्याचे महिने सोडले तर ताडपत्री. बाजारात मिळणारे स्वस्त घुमटाकार तंबू उत्तरेकडच्या कोरड्या थंडीसाठी बरे. आपल्याकडच्या दमट हवेत रात्रभर आपल्याच श्वासाचं पाणी आतल्या बाजूला जमतं आणि पहाटे अंगावर टपकतं. ताडपत्रीच्या खालून हवा खेळती राहते.

शेतीच्या दुकानात मिळणारी १२ बाय ९ फुटांची ताडपत्री दोघांना पुरते. ती जाड असते, वजन थोडं जास्त भरतं, पण काट्याला दाद देत नाही. घेताना कडांचे पितळी किंवा ॲल्युमिनियमचे डोळे बघा. ते नुसते प्लास्टिकवर ठोकलेले असतील तर पहिल्या वाऱ्यात फाटून निघतात, आत दोरी शिवून दुमडलेली कड असेल तर टिकतात. बांधताना दोन झाडांमध्ये छातीएवढ्या उंचीवर ताणून दोरी बांधा, ताडपत्री तिच्यावर टाका आणि वाऱ्याच्या बाजूची कड जमिनीला टेकवा. आता एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: पावसाचं पाणी त्या ताणलेल्या दोरीवरून वाहत वाहत थेट ताडपत्रीच्या आत येतं आणि बरोबर तुमच्या उशीवर थेंब थेंब पडतं. म्हणून ताडपत्री सुरू व्हायच्या एक वीत अलीकडे दोरीला सुती कापडाची चिंधी बांधा. पाणी तिच्यावरून खाली गळून जातं.

दोरी साधी नायलॉनची ३-४ मिलिमीटरची चालते. पॅराकॉर्ड (पॅराशूटला वापरतात तशी दोरी) चांगलीच, तिच्या '५५०' या नावाचा अर्थ ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो ताण सोसते. पण बाजारात त्या नावाखाली पोकळ दोरीही खपवतात. टोक कापून आत सात धागे आहेत का ते मोजा. आणि खरी असली तरी तिच्यावर माणूस लटकवायचा नाही, ती कड्यावरून उतरायची दोरी नव्हे.

हॅमॉक ओल्या उतारावर आणि जळवांच्या भागात फार सुखाचा. पण पाठीखाली वारा लागतो, म्हणून आत चटई किंवा घोंगडी हवीच. कशातही झोपा, वर मेलेली, वाळकी फांदी लटकत नाही ना हे आधी मान वर करून बघा. गव्यांची रुळलेली वाट, पाणवठा आणि ओढ्याचं पात्र या तीन जागा टाळा. वर डोंगरात पाऊस झाला की खाली कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याला अर्ध्या तासात लोंढा येतो.

पांघरायला स्लीपिंग बॅग की घोंगडी?

गाडी जवळ लागणार असेल किंवा चाल कमी असेल तर घोंगडी. धनगरांनी पाळलेल्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली खरी घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, ठिणगीनं भोक पडून वितळत नाही, अंथरता येते आणि खोळ करून डोक्यावरून घेता येते. नवी टोचते, वापरून मऊ होते. दोष वजनाचा. दोन-अडीच किलो कोरडी आणि भिजली की उचलवत नाही. लांब चालायचं असेल तर १० अंशांपर्यंत चालणारी हलकी सिंथेटिक स्लीपिंग बॅग घ्या. कणकुंबीकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही तिच्यात मोजे-टोपी घातली की निभतं. पिसांची महागडी बॅग आपल्या दमट हवेत गोळा होते, तिच्यावर पैसे घालू नका.

फेरो रॉड घेतला की लायटर-काडेपेटीची गरज नाही ना?

आहे. फेरो रॉड म्हणजे घासला की ठिणग्या देणारी धातूची कांडी, आपल्या चकमकीचा आजचा भाऊ. भिजला तरी ठिणग्या देतो, हजारो वेळा चालतो. पण ठिणगी म्हणजे विस्तव नव्हे. ठिणगी धरून ठेवणारा कोरडा भुगा हातात नसेल तर रॉड घासून घासून खांदा दुखेल, बाकी काही होणार नाही. पूर्वी चकमकीबरोबर शेवरीचा कापूस जपून ठेवत, तो याचसाठी.

मी तिन्ही नेतो: लायटर, मेणात बुडवलेल्या काड्या आणि रॉड, वेगवेगळ्या खिशांत. आणि पेटवणासाठी देव्हाऱ्यातला कापूर. औषधाच्या गोळ्यांच्या घट्ट झाकणाच्या डबीत पाच-सहा वड्या ठेवा. डबी सैल असेल तर कापूर उडून जातो आणि ऐन वेळी नुसता वास उरतो. कापूर काडीनं लगेच पेटतो आणि ओलसर काटक्यांना तोंड धरण्याइतका वेळ जळतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्याही उत्तम, त्या पावसातही जळतात. धूर काळा आणि घाण असतो, म्हणून त्या फक्त अडचणीसाठी राखून ठेवा.

लाकूड जमिनीवरचं उचलू नका, ते ओलं असतं. उभं वाळलेलं, झाडात अडकलेलं लाकूड घ्या आणि कोयत्यानं उभं चिरा. बाहेरून कितीही भिजलं असलं तरी आतला गाभा कोरडा निघतो. वाळका बांबू तर सोन्यासारखा. पातं आडवं धरून त्याच्या पाठीवरून खरवडलं की कापसासारखा बारीक कीस निघतो. मात्र बांबूचं बंद पेर तसंच विस्तवात टाकू नका, आतली हवा तापून ते फटाक्यासारखं फुटतं. ओढ्यातले ओले दगडही चुलीला नकोत, तेही उडतात. बिब्बा किंवा त्याच्या जातीची, चीक अंगावर उठणारी झाडं ओळखायला शिका. त्यांचं लाकूड जाळलं तर धूरही बाधतो.

फेब्रुवारी ते मे या काळात रानात विस्तव करूच नका. त्या दिवसांत पाचोळा पेट्रोलसारखा पेटतो. वणव्यात जळणाऱ्या रानाचा वास मी लोंढ्याच्या बाजूला घेतला आहे, तो विसरता येत नाही. या महिन्यांत न शिजवता खायचं न्या. बाकीच्या दिवसांतही निघताना विस्तवावर पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि हाताची पाठ राखेला लावून बघा. गरम लागली तर निघायचं नाही.

ओढ्याचं पाणी स्वच्छच असतं ना? तिथंच तर मलप्रभा उगम पावते.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते हे खरं, आणि पाणी काचेसारखं दिसतं हेही खरं. पण वरच्या अंगाला गुरं बसतात, गवे लोळतात. दिसण्यावर जाऊ नका.

आधी चार पदरी सुती कापडातून गाळा. मग चांगली खळखळून उकळी येऊ द्या आणि मिनिटभर ठेवा, आपल्या उंचीवर एवढं पुरतं. क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा, बहुधा अर्धा तास. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणं चुकवू नका. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पोकळ तंतूंचे हातातले फिल्टर जिवाणू आणि जंत अडवतात, विषाणू मात्र त्यांतून सुटू शकतात.

बाटलीबद्दल एक महत्त्वाचं. एकेरी पत्र्याची स्टीलची बाटली झाकण काढून विस्तवावर ठेवता येते. दुहेरी पत्र्याची, गरम-थंड टिकवणारी बाटली विस्तवावर ठेवलीत तर दोन पत्र्यांमधला बंद भाग तापून ती फुटू शकते. ओळखायचं कसं? गरम पाणी भरा. बाहेरून चटका बसला तर एकेरी. तीही नसली तर झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, शिजवायला, उकळायला, खायला तोच.

जळवांचं काय करावं?

जळू रक्त पिते, चुळबुळ होते, पण रोग देत नाही. नखानं तोंडाच्या बाजूनं सरकवून काढा. मीठ टाकलं की ती पोटातलं जखमेत ओकते, म्हणून चिकटलेल्या जळूवर मीठ नको. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरू नका, कापूस दाबून धरा. निपाणीकडचा तंबाखू भिजवून त्याचं पाणी मोज्यांना लावायची आपल्याकडची रीत आहे आणि ती चालते. फक्त ते पाणी उघड्या कातडीवर चोळू नका, निकोटिन अंगात शिरून मळमळ-चक्कर येते. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे पँटवरून घातले की निम्मं काम होतं.

जळवांपेक्षा मला काळजी वाटते ती गोचिडीची. माकडतापाचा विषाणू गोचीड पसरवते. हा आजार १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेला आणि आता आपल्या शेजारच्या दोडामार्गापर्यंत त्याचे रुग्ण झालेले आहेत. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला मुक्कामाचा. पाचोळ्यावर थेट बसू नका, पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे घाला, संध्याकाळी काखा, कंबर, कानामागं बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना 'रानात गेलो होतो' हे आवर्जून सांगा आणि मनानं ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनच्या गोळ्या घेऊ नका.

बूट कुठले?

पावसाळ्यात आणि चिखलात शेतकऱ्यांचे गमबूट, कोरड्यात घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे हंटर शूज. महागडे 'वॉटरप्रूफ' बूट आपल्या ओढ्यांत वरून भरतात आणि मग चार दिवस वाळत नाहीत. मुक्कामावर घालायला रबरी चप्पल ठेवा. अथणीच्या कातडी चपलेचं मला अप्रूप आहे, पण ओल्या रानात ती नेऊन वाया घालवू नका.

स्नेक बाइट किट मिळतं, ते घेऊ का?

घेऊ नका. त्यातल्या ओढणाऱ्या पंपानं विष निघत नाही, ब्लेडनं जखम वाढते, आवळपट्टीनं हातपाय गमवावा लागू शकतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर तयार होतं, आणि ते रुग्णालयातच द्यायचं असतं, कारण त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. घाटातल्या चापड्यासारख्या सापांवर ते काम करत नाही. म्हणजे पिशवीत ठेवण्याजोगा उपाय नाहीच.

पिशवीत रुंद क्रेप बँडेज ठेवा. दंश झालेला हात किंवा पाय काठीच्या आधारानं, मोडलेलं हाड बांधतो तसा स्थिर बांधा, अंगठी-कडं-पैंजण काढा, माणसाला चालवू नका, उचलून रस्त्यापर्यंत आणा. १०८ किंवा ११२ ला फोन करा. साप पकडायला, मारायला जाऊ नका. वेळ जातो आणि दुसरा दंश होतो. आणि मुळात रात्री बॅटरीशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. लघवीलासुद्धा.

प्रथमोपचारात बाकी काय? ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, जखमेचं औषध, चिकटपट्ट्या, टाचेच्या फोडासाठी कापडी टेप, चिमटा आणि स्वतःची रोजची औषधं.

वाट चुकलो तर? मोबाइलमध्ये नकाशा असतो की.

नकाशा आधी उतरवून ठेवा, कारण घाटाच्या कडेला रेंज जाते. फोन विमान मोडवर ठेवला तर चार्जिंग टिकतं. १०,००० एमएएचची पॉवर बँक सोबत. साधं होकायंत्रही घ्या. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जेमतेम एक अंशाचा आहे, त्यामुळे दुरुस्तीचं गणित लागत नाही.

बॅटरीबद्दल माझी चूक सांगतो. चोर्ल्याच्या वरच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) आम्ही तिघे धुक्यात अडकलो. सहा वाजताच पाच हातांवरचं दिसेना. सॅकमधून बॅटरी काढली तर ती गरम. आत दाबली जाऊन दिवसभर जळत राहिली होती. मिणमिणत दोन मिनिटांत विझली. आम्ही तिथंच एका खडकाच्या आडोशाला बसलो, ताडपत्री तिघांवर ओढली आणि पाळीपाळीनं शिट्टी वाजवत राहिलो: तीन लांब फुंका, मग थांबायचं, पुन्हा तीन. तासाभरानं गुरं शोधायला निघालेला एक गवळी आवाजाच्या मागं आला. आता मी प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवतो आणि सुटे सेल वेगळ्या पिशवीत. ज्या बॅटऱ्यांना कुलूपबटण असतं, त्या त्याहून बऱ्या.

चुकलात हे कळताच थांबा. आल्या वाटेची शेवटची ओळखीची खूण आठवत असेल आणि उजेड असेल तरच मागं जा. ओढ्याच्या कडेनं खाली उतरत जाऊ नका. सपाटीवर ही युक्ती ठीक, आपल्या घाटात ओढा नेऊन धबधब्याच्या तोंडावर सोडतो. निघण्यापूर्वी घरी एक कागद ठेवा: कुठून शिरणार, कुठून निघणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कुणाला कळवायचं. कर्नाटक वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे.

परदेशातून भावानं सॅटेलाइटवर संदेश पाठवायचं यंत्र आणलंय. वापरू का?

नको. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तशी यंत्रं बाळगणं बेकायदा आहे. परदेशी पर्यटकांवरही यावरून कारवाई झाली आहे.

खायला काय न्यावं?

याबाबतीत आपण भाग्यवान आहोत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, गूळ, चुरमुरे, फुटाणे. कडक भाकरी नीट बांधली तर पंधरा दिवसही राहते, तिला विस्तव लागत नाही. परदेशी एनर्जी बारच्या जागी गोकाकचा करदंट घ्या: डिंक, गूळ, सुकामेवा, तेच सगळं आणि जास्त चवीचं. बेळगावचा दुधाचा कुंदा मात्र गाडीतच संपवा, ओलसर हवेत टिकत नाही.

रानातलं तोडून खाऊ का, असंही विचारतात. करवंदं, जांभळं, ओळखीची असतील तर खा. कंद, अळंबी आणि अनोळखी पाला सोबत जाणता माणूस नसेल तर नाही. शिकार आणि गळ टाकणंही नाही. एक-दोन दिवस उपाशी राहून कुणी मरत नाही, चुकीच्या कंदानं मरतं.

मिलिटरी रंगाचे कपडे-सॅक घेऊ का? बेळगावच्या कॅम्पात, लष्करी छावणीच्या भागात, दुकानं आहेत.

बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि कमांडो प्रशिक्षणाचं गाव. म्हणूनच इथं नागरिकानं लष्करी नक्षीचे कपडे घालून रानात फिरणं बरं नव्हे, गैरसमज होतो. शिवाय हरवलात तर शोधणाऱ्यांना दिसणार कसे? सॅकवर एक भगवं किंवा नारिंगी कापड बांधलेलं असावं.

मुलगी मैत्रिणींबरोबर जायचं म्हणते. पाठवावं का?

पाठवा. पहिल्या वेळी ओळखीच्या शेतात, गटात किमान चौघी आणि गावातल्या एखाद्या मावशी-काकूंना कल्पना देऊन. माझ्यासोबत येणाऱ्यांत सगळ्यात नीट ताडपत्री बांधणारी एक बारावीतली मुलगी आहे. पाळीचं सामान घट्ट पिशवीत न्यावं आणि वापरलेलं परत आणावं, पुरू नये; जनावरं उकरतात.

परत आल्यावर सामान तसंच माळ्यावर टाकलं तर चालेल?

चालणार नाही. त्याच संध्याकाळी, अंघोळीच्या आधी, ताडपत्री दांडीवर पसरा. घडीत राहिलेल्या ओलीनं आठवड्यात बुरशी येते. घोंगडी झटकून दोन दिवस उन्हात टाका, गोचिडी असतील तर तिथंच पडतील. बॅटरीतले सेल काढा. कापराची डबी उघडून वड्या मोजा, कमी झाल्या असतील तर भरा. आणि कोयता चुलीतली राख लावून घासा, पुसा, कोरडा झाला की तेलाचं बोट फिरवून भिंतीच्या खुंटीला पातं आत करून लावा, म्हणजे लहान पोरांचा हात पोचणार नाही.